अहवा नदीकाठचा तराजू

शास्त्रवाचन : एज्रा ८:२१-३४, रूथ २:४-१६, २ करिंथ ८:१६-२१

रविवारी आपण उपासनेत एकत्र बसतो आणि सोमवारी सकाळी आपापल्या कामावर जातो. कोणी बँकेच्या काउंटरमागे बसतो, कोणी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्रपाळीकडून चार्ज घेते, कोणी शाळेच्या हजेरीपटावर सही करते, कोणी रेल्वेच्या कारखान्यात हत्यारे उचलतो. नागपूर असो वा इंदूर, पुणे असो वा हैदराबाद, आपल्या जागेपणाचे बहुतेक तास याच ठिकाणी जातात. तेथील सहकारी आपली प्रार्थना ऐकत नाहीत, आपले गायनही त्यांच्या कानी पडत नाही. ते आपली वेळ पाहतात, आपला शब्द पाहतात, आपली वही पाहतात; आणि त्यावरूनच आपल्या प्रभूविषयी आपापले मत ठरवतात.

अशा ठिकाणी एक प्रश्न वारंवार उठतो आणि नाती दुखावतो. कोणी हिशेब मागितला, पावती मागितली, "हे काम कोठवर आले?" असे विचारले की आपल्या तोंडून चटकन निघते, "माझ्यावर विश्वास नाही का?" कचेरीतली निम्मी भांडणे या एका वाक्यातून सुरू होतात. मंडळीच्या पंचकमिटीतलीही पुष्कळशी याच वाक्यातून सुरू होतात, हे आपण मनात कबूल करतोच. तेव्हा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे होय काय, याचा पवित्र शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

१. भरवसा देवावर, तरीही वजन तराजूवर

एज्रा शास्त्री बाबेलहून यरुशलेमेस निघाला तो अर्तहशश्त राजाच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी. अहवा नदीकाठी सर्वांचा तळ पडला होता. वाट लांबची आणि लुटारूंची. तरीही एज्राने राजाकडे पायदळ किंवा घोडेस्वार मागितले नाहीत; मागायची त्याला लाज वाटली, कारण आपला देव आपले रक्षण करतो असे त्याने राजाला सांगितले होते. त्याने उपास जाहीर केला आणि लोकांनी देवाजवळ याचना केली. इतका मोठा भरवसा ठेवणारा हा पुरुष होता.

आता त्याच अध्यायाच्या २४ व्या वचनापासून पुढे वाचा. याच एज्राने याजकांपैकी बारा प्रमुखांना वेगळे काढले आणि मंदिरासाठी आलेले सोनेरुपे व पात्रे त्यांच्यासमोर तोलून त्यांच्या हाती दिली. साडेसहाशे किक्कार रुपे, शंभर किक्कार रुप्याची पात्रे, शंभर किक्कार सोने, वीस सोन्याचे कटोरे. एक किक्कार ढोबळमानाने ३० किलो धरला, तर नुसते रुपेच १९ टनांहून अधिक भरते. हे पुरुष पवित्र आहेत, असे एज्रा त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि त्याच श्वासात, यरुशलेमेस मंदिराच्या कोठड्यांत प्रमुखांसमोर पुन्हा तोलून देईपर्यंत हे सांभाळा, अशी आज्ञाही करतो.

पहिल्या महिन्याच्या बाराव्या दिवशी निघालेले हे लोक पाचव्या महिन्याच्या आरंभी यरुशलेमेस पोहोचले. तीन दिवस विसावा घेतला. चौथ्या दिवशी मरेमोथ याजकाच्या हाती सर्व तोलून दिले. त्याच्याबरोबर एलाजार होता, शिवाय दोन लेवी होते. संख्या मोजली, वजन केले, आणि ते सर्व वजन त्याच वेळी लिहून ठेवले.

हा क्रम नीट लक्षात घ्या. देताना वजन, घेताना वजन, एकाहून अधिक साक्षीदार आणि तेथल्या तेथे नोंद. ज्याला राजाचे सैनिक मागायला लाज वाटली, त्याला याजकांसमोर तराजू मांडायला लाज वाटली नाही! विश्वास आणि वजन यांचे वैर नाही, हे तो जाणून होता. लुटारूंपासून रक्षण करावे म्हणून त्याने देवाला हाक मारली. आणि संशयापासून आपल्या बांधवांचे रक्षण करावे म्हणून तराजू हाती घेतला.

२. हिशेब प्रामाणिक माणसाची ढाल आहे

समजा, एज्राने वजन केले नसते. यरुशलेमेत कोणीतरी कुजबुजला असता, "वाटेत काही कमी झाले म्हणतात." त्या बारा याजकांपाशी कोणते उत्तर असते? त्यांची पवित्रता खरी असती, पण ती सिद्ध करण्याचे साधन त्यांच्या हाती नसते. म्हणून हिशेबाने चोर पकडला जातो हे खरे असले, तरी त्याचा पहिला लाभ प्रामाणिक माणसाला मिळतो.

पौलाने हेच ओळखले होते. यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी मोठी वर्गणी न्यायची होती. प्रेषित असूनही त्याने ती एकट्याने नेली नाही. तीताबरोबर, मंडळ्यांनी स्वतः निवडलेला एक नामांकित बंधू त्याने जोडून दिला, आणि कारणही लपवले नाही : या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणाला दोष काढायला जागा राहू नये. प्रभूच्या दृष्टीने जे योग्य, ते माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावे याची तो काळजी घेत होता. "देव जाणतो" एवढे म्हणून आपण पुष्कळदा मोकळे होतो. पौल तसा मोकळा झाला नाही.

दानीएलाच्या सहाव्या अध्यायात, एकशेवीस प्रांताधिकाऱ्यांचा हिशेब घेणाऱ्या तिघा अध्यक्षांपैकी दानीएल एक होता. ही पद राजाचे नुकसान होऊ नये म्हणूनच निर्माण केलेली पदे होती. पुढे त्याच्यावर जळणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्या राज्यकारभारात काही दोष सापडतो का, म्हणून पुष्कळ धुंडाळले. आणि त्यांना काही सापडले नाही. दुसऱ्याचा हिशेब घेणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब असा स्वच्छ असावा लागतो.

येथे कोणी २ राजे १२:१५ काढून दाखवील. योआश राजाच्या काळी मंदिराची डागडुजी झाली, तेव्हा कामगारांना पैसे देणाऱ्या माणसांकडून हिशेब घेतला नाही, कारण ती माणसे सचोटीने वागत होती, असे तेथे आहे. मग आम्हांला तरी का विचारता? या वचनाआधीची वचनेही वाचली पाहिजेत. पैसा पेटीत जमत होता. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजत, थैल्यांत बांधत आणि मोजूनच पुढे देत. दोन वेगळ्या अधिकारांचे डोळे त्या पैशावर होते. शिवाय त्या माणसांची सचोटी इतरांनी ओळखली होती. "आम्हांला विचारू नका" अशी मागणी त्यांनी केली नव्हती. विश्वास इतरांनी ठेवावा, आपण मात्र वही उघडी ठेवावी.

३. रोजच्या कामातील लहान हिशेब

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती किक्कारभर सोने येणार नाही. कपाटाची किल्ली, फाइल, औषधांचा साठा, किरकोळ खर्चाची पेटी आणि आठ तासांचा दिवस एवढेच येते. पण लूक १६:१० मध्ये प्रभूने शिकवले आहे की अगदी थोडक्यात जो विश्वासू, तोच पुष्कळातही विश्वासू असतो.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात मठाची हत्यारे, कपडे व इतर वस्तू कोणाच्या हाती दिल्या त्याची यादी मठाधिपतीने ठेवावी, असे सांगितले आहे. म्हणजे काय दिले आणि काय परत आले हे त्याला कळेल. आणि मठाच्या कोठाराच्या कारभाऱ्याने तेथील प्रत्येक भांडे वेदीवरच्या पवित्र पात्राप्रमाणे मानावे, असेही सांगितले आहे. कुदळ आणि वेदीवरचा प्याला यांना एकाच आदराने हाताळणारा माणूस कचेरीची स्टेपलर घरी नेणार नाही.

तेव्हा पुढील साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात :

(अ) चार्ज देताना आणि घेताना यादी करावी व दोघांनीही सही करावी. बदली झाली म्हणून अर्धवट फाइली टेबलाच्या खणात टाकून जाणे म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या बांधवाच्या डोक्यावर आपले ओझे ठेवणे होय.

(आ) खर्च झाला त्याच दिवशी व्हाउचर करावे. एज्राचे वजन "त्याच वेळी" लिहिले गेले. महिन्याअखेर आठवून लिहिलेला हिशेब प्रामाणिक असला तरी अचूक नसतो.

(इ) वेळ ही मालकाची ठेव आहे. उशीर होणार असेल तर आधी कळवावे. रजा हवी असेल तर आधी अर्ज करावा. आपल्या गैरहजेरीत आपले काम कोणाच्या तरी अंगावर पडते, याचे भान असावे. दुसऱ्याच्या नावापुढे सही करणे ही मैत्री नव्हे, ती खोटी साक्ष आहे.

(ई) आपला संगणकाचा पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याचा मागू नये. कोणत्या हाताने कोणते काम केले हे कळणे दोघांच्याही हिताचे असते.

(उ) चूक झाली तर ती वरिष्ठांना आपल्या तोंडून कळावी, दुसऱ्याच्या तोंडून नव्हे. लवकर सांगितलेली चूक बहुधा सुधारता येते. झाकलेली चूक दुसऱ्याच्या नावावर चढते.

४. बवाजाच्या शेतातील शिष्टाचार

हिशेब चोख, पण तोंड कडू, अशी माणसेही आपण पाहतो. त्यांच्या वहीत चूक नसते, पण त्यांच्या खोलीत जायला कोणी धजत नाही. उत्तरदायित्व फक्त पैशाचे नसते. आपल्या हाताखालच्या, बरोबरीच्या आणि वरच्या माणसाचेही आपण देणे लागतो. हे देणे कसे फेडावे याचा एक सुंदर धडा रूथच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

बवाज शेताचा धनी. तो शेतात येतो तेव्हा आधी कापणी करणाऱ्यांना देवाच्या नावाने अभिवादन करतो, आणि तेही त्याला आशीर्वाद देतात. धनी आधी बोलला, हे लक्षात घ्या. पुष्कळ कचेऱ्यांत साहेब नमस्काराची वाट पाहत बसतात. शिपायाला एकेरीत हाक मारणारा आणि अधिकाऱ्यापुढे कमरेत वाकणारा एकच माणूस असतो. वयाने वडील असलेल्या शिपायाला "मामा" किंवा "काका", सफाई करणाऱ्या बाईंना "मावशी" अशी हाक मारल्याने आपले पद कमी होत नाही. मात्र "मावशी" म्हणून त्यांना उभ्याने चहा आणि आपल्याला बसून चहा, असे असेल तर त्या नात्याच्या शब्दाला अर्थ उरत नाही.

रूथ परदेशी, विधवा, गरीब. बवाज तिला कामकऱ्यांसाठी भरून ठेवलेल्या भांड्यातले पाणी प्यायला सांगतो. जेवणाच्या वेळी जवळ बोलावून तिला आपल्या हाताने हुरडा देतो. आणि ती सरवा वेचत असताना तिला लाजवू नका, धमकावू नका, असे गड्यांना बजावतो. पाणी, पंगत आणि अब्रू या तीन गोष्टींत माणसाची वागणूक दिसते. आपल्या देशात पाण्याच्या माठावरून आणि वेगळ्या कपावरून माणसांचा किती अपमान झाला आहे, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. ख्रिस्ती माणसाच्या कचेरीत तो कप पुन्हा वेगळा होता कामा नये.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या वाचकांना येथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. दोन मराठी माणसे भेटली की जीभ मोकळी होते, आणि ते स्वाभाविक आहे. पण तिसरा सहकारी मराठी न समजणारा असेल, तर त्याच्यासमोर आपसांत मराठीत बोलून हसणे टाळावे. आपण त्याच्याविषयी बोलत नसलो तरी त्याला तसे वाटते. शेतात नव्याने आलेल्या मवाबी स्त्रीला बवाजाने परकेपणा जाणवू दिला नाही, हे आपणही आठवावे.

बवाजाने आणखी एक आज्ञा केली होती : तिच्या अंगाला हात लावू नका, असे त्याने गड्यांना आधीच सांगून ठेवले होते. स्त्रीची सुरक्षितता ही धन्याची जबाबदारी आहे, हे त्याला कोणा कायद्याने सांगावे लागले नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये संसदेने कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी कायदा केला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्मे तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. कर्मचारी दहाहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते; कारण योग्य असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. मिशनची शाळा व रुग्णालय यांनाही हा कायदा लागू आहे.

मत्तय १८:१५ मध्ये प्रभूने शिकवले की बंधूने अपराध केला तर प्रथम एकांतात त्याला त्याचा दोष दाखवावा. कचेरीतही हा नियम मोलाचा आहे : हाताखालच्या माणसाला चारचौघांत बोलू नये, आणि पाठीमागे तर मुळीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कोणाची चूक काढणे म्हणजे चव्हाट्यावर उभे करणेच होय. परंतु हे वचन छळ किंवा अपहार दाबण्यासाठी वापरू नये. छळ झालेल्या भगिनीला "बंधूला क्षमा कर आणि बाहेर बोलू नको" असे सांगणारा मनुष्य त्या वचनाचा उरलेला भाग विसरतो; कारण पुढच्याच वचनांत प्रभू दोघातिघा साक्षीदारांना आणि शेवटी मंडळीला सांगायला शिकवतो.

५. नम्रपणे नाही म्हणणे

आता सर्वांत अवघड प्रसंग. साहेब म्हणतात, "येथे सही करा, बाकी मी पाहतो." व्हाउचर खोटे आहे हे आपल्याला ठाऊक आहे. घरी मुलांच्या फिया भरायच्या आहेत, नोकरी कायम व्हायची आहे. काय करावे?

दानीएलाचा पहिला अध्याय वाचा. राजाच्या अन्नाने विटाळायचे नाही असा निश्चय त्याने मनात केला. पण त्याने ताट भिरकावले नाही. त्याने वरिष्ठ अधिकाऱ्याला विनंती केली. त्या अधिकाऱ्याला राजाची भीती वाटत होती. दानीएलाने ती भीती खोटी ठरवली नाही. मग तो कारभाऱ्याकडे गेला आणि दहा दिवसांच्या परीक्षेचा मार्ग त्याने पुढे ठेवला. निश्चय पक्का, वाणी मृदू आणि हाती पर्याय, अशी ही नाही म्हणण्याची रीत आहे.

कचेरीत ही रीत अशी वापरता येते : "साहेब, या बिलाची मूळ पावती मिळाली की मी आजच सही करतो," किंवा "आपण तसा लेखी आदेश द्यावा, मी फाइलीवर नोंद घेऊन पुढे पाठवतो." केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर याला नियमाचाच आधार आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांच्या तिसऱ्या नियमात निर्विवाद सचोटीची अपेक्षा सांगितली आहे, आणि वरिष्ठांचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी आदेश मिळाल्यास कनिष्ठाने शक्य तितक्या लवकर त्याची लेखी खातरजमा मागावी, असेही म्हटले आहे. लेखी मागणे हा उद्धटपणा नव्हे. मात्र लेखी आदेश मिळाला म्हणून खोटे खरे होत नाही; तेथे शेवटी सही नाकारावीच लागते.

अशा नकाराची किंमत कधीकधी मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. बढती हुकते, बदली होते, मित्र दूर होतात. दानीएलाच्या स्वच्छ हिशेबाने त्याला सिंहांच्या गुहेपासून वाचवले नाही. म्हणून अशा प्रसंगात सापडलेल्या बंधुभगिनीला मंडळीने एकटे सोडू नये. त्यांना केवळ "प्रार्थना करतो" एवढे न म्हणता, नियम जाणणारा वडीलधारा मनुष्य त्यांच्या शेजारी बसवावा.

६. आपल्या संस्था, आपली घरे

जगाच्या कचेऱ्यांना शिकवण्यापूर्वी आपण आपल्या संस्थांकडे पाहू. कामकऱ्याची मजुरी सकाळपर्यंतही आपल्याजवळ राहू देऊ नये, अशी आज्ञा लेवीय १९:१३ मध्ये आहे. आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब म्हणतो (याकोब ५:४). शिक्षिकेचा पगार महिनोन्महिने थकवून वर्धापनदिनाचा मंडप घालणे, किंवा पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम वेळेवर न भरणे, हे देवाच्या कामाच्या नावाखाली झाले तरी पापच आहे.

आपल्यापुढे चांगले उदाहरणही आहे. पंडिता रमाबाईंच्या कार्याला मदत करण्यासाठी १८८७ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले. त्यातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. दहा वर्षांची मुदत सरली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई स्वतः समुद्रापार गेल्या आणि देणगीदारांच्या सभेपुढे त्यांनी कामाचा वृत्तान्त ठेवला. दात्यांनी पैसे दिले होते, विश्वासही ठेवला होता. म्हणूनच त्यांना हिशेब देणे रमाबाईंनी आपले कर्तव्य मानले.

आणि घरी? आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचे आपणच साहेब असतो. त्यांचा पगार ठरल्या दिवशी देतो का? त्यांना सुट्टी देतो का? इफिस ६:९ मध्ये पौल धन्यांना आठवण देतो की त्यांचाही धनी स्वर्गात आहे आणि त्याच्याजवळ पक्षपात नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या हाती काहीतरी तोलून दिलेले आहे. कोणाच्या हाती किल्ली, कोणाच्या हाती वर्ग, कोणाच्या हाती रुग्ण, कोणाच्या हाती माणसे. अहवेपासून यरुशलेमेपर्यंतची वाट आपण चालत आहोत. पोहोचल्यावर ते पुन्हा तोलले जाईल. तोवर कोणी मध्येच थांबवून "दाखवा बरे" म्हटले, तर रागावू नये. वही उघडावी, हसून दाखवावी, आणि विचारणाऱ्याचे आभार मानावेत.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. एज्राने सैनिक मागितले नाहीत, पण वजन मात्र केले. या दोन कृतींमागे एकच विश्वास कसा दिसतो?

२. आपल्या मंडळीत दानपेटीतील पैसे कितीजण मिळून मोजतात? मोजलेली रक्कम केव्हा लिहिली जाते?

३. या आठवड्यात आपण कामाच्या ठिकाणी कोणाला नमस्कार करायचे विसरलो? ती व्यक्ती पदाने आपल्याहून लहान होती का?

४. आपण काम करतो त्या संस्थेत अंतर्गत समिती आहे का? तिच्या सदस्यांची नावे तेथील प्रत्येक भगिनीला ठाऊक आहेत का?

५. खोटी सही करण्यास नकार दिल्यामुळे अडचणीत आलेले कोणी आपल्या ओळखीचे आहे का? मंडळी त्यांच्यासाठी नेमके काय करू शकेल?